सात, आठ, सात

सायकलची चेन दर तीनशे किलोमीटरला पुसावी. पावसात दीडशेलाच.

कॉलेजात माझी हजेरी पंचाहत्तर टक्के भरली. त्यातली निम्मी माझ्या तोंडची नव्हती.

सबनीस सरांच्या शिट्टीला दोरी नव्हती. बुटाची नाडी होती.

इबू सलमाच्या घरात भिंतीवर कॅलेंडरं तीन, घड्याळ एकही नाही.

ज्वालामुखीच्या कड्यावरचे दगड हलके असतात. विटेएवढा दगड उचलला तरी वाटतं, आतून कुणीतरी पोखरून ठेवलाय. घरंगळताना त्यांचा आवाजही तसाच पोकळ येतो.

हाक ऐकू आली की माणूस वाट बघत नाही. हाकेच्या दिशेनं सरळ चालू लागतो.

एक

"ओ मिरजकर!"

मी सायकल ढकलत होतो. इंडोनेशियातलं एक बेट, दुपारचे तीन, दोन्ही बाजूंना कॉफीची झाडं, आणि चढ असा की पॅडल मारणं सोडून मला तासभर झाला होता. सहा आठवड्यांत मराठीत मला कुणी हाक मारली नव्हती. मला वाटलं, ऊन लागलं.

"ओ, तुमालाच! पाठीमागं लिवलंय नव्हं, मिरज म्हणून!"

मागच्या बॅगेवर मी पांढऱ्या ऑइलपेंटनं गावाचं नाव लिहिलं होतं, ते खरं. वर एका लाकडी घराच्या पडवीत एक जाडजूड माणूस बनियनवर उभा होता आणि हातातलं पातेलं हलवत होता.

"आमी कोल्लापूरचे. या वर. पिठलं टाकलंय."

तो इकबाल मुजावर. कोल्हापुरात गाड्यांच्या सुट्या भागांचं त्याचं दुकान होतं. ते एकूण आठ जण, बावीस वर्षं एकत्र डोंगर चढणारे, आणि पहिल्यांदाच देशाबाहेर आलेले. गावाच्या डोक्यावर जो ज्वालामुखी होता त्याच्या कड्यावर जाऊन खालचं विवर बघायचं आणि परत यायचं, असा तीन दिवसांचा बेत. डोंगराचं नाव मी लिहीत नाही. त्या गटातल्या कुमुदताईंनी नको म्हणून सांगितलंय.

पिठलं-भात खाता खाता त्यांनी माझी सगळी चौकशी केली. वय एकोणतीस, लग्न नाही, नोकरी सोडली, सायकलवर तिमोर बेटापर्यंत जायचं.

"आणि घरचे काय म्हणत्यात?" इकबालनं विचारलं.

"काही म्हणत नाहीत."

"म्हंजे लई म्हणत्यात," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

सगळ्यांत शेवटी सबनीस सर बोलले. शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवलेले, सत्तरीकडे झुकलेले, पाठ अजून फळीसारखी. ते या गटाचे म्होरके.

"उद्या सकाळी निघतोय. परवाना आठ जणांचा आहे आणि आमचा एक माणूस आजारी पडलाय. जागा रिकामी आहे. येता का?"

दोन

आजारी माणूस आतल्या खोलीत खाटेवर पडला होता. शशिकांत बेलवलकर. वय अठ्ठावन्न, विम्याच्या कचेरीतून लवकर निवृत्ती घेतलेले, पोटानं दोन दिवस हैराण. उशाशी मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली. पायथ्याशी त्यांची पत्नी कुमुदताई, त्यांचे पायमोजे घडी करत बसलेल्या.

"हे ते सायकलवाले?" शशिकांत म्हणाले. "बसा. जवळ नका बसू, माझा भरवसा नाही."

मग त्यांनी मला आकडे समजावून सांगितले.

सह्याद्रीत पावसाळ्यात धुकं असं येतं की पुढच्याची पाठ दिसत नाही. म्हणून या गटात प्रत्येकाला कायमचा आकडा होता. सर एक. कुमुदताई आठ, शेवटच्या. प्रत्येक थांब्यावर सर शिट्टी मारत आणि ओळीनं सगळे आपापला आकडा ओरडत. आठ ऐकल्याशिवाय सर पाऊल उचलत नसत. बावीस वर्षांत एकही माणूस हरवलेला नव्हता.

"माझा सात," शशिकांत म्हणाले. "तो तुम्ही घ्या."

दारात उभे असलेले सर म्हणाले, "नवीन माणसाला नवीन आकडा द्यावा, शशी. नियम आहे."

"सर, मधे भोक ठेवून कसं चालेल? सहानंतर सात आला नाही तर ही अडखळेल. हिचं आठ माझ्या सातला चिकटूनच येतं. झोपेत सात म्हणालो तरी ही आठ म्हणते."

"काहीतरीच," कुमुदताई म्हणाल्या.

"सात!" शशिकांत खाटेवरून ओरडले.

"आठ," कुमुदताई म्हणाल्या, आणि हातातला मोजा त्यांच्या अंगावर फेकला.

सर हसले. मला वाटतं, बावीस वर्षांत त्यांनी मोडलेला तो पहिला नियम.

"आवाज पोटातून काढा," शशिकांत मला म्हणाले. "माझं नाव खराब करू नका."

तीन

सकाळी जंगलखात्याच्या चौकीवर परवान्याच्या कागदावर सह्या झाल्या. सातव्या ओळीत नाव होतं शशिकांत बेलवलकर. नाव बदलायचं तर तालुक्याच्या गावी जायला हवं, दोन दिवस मोडतील, असं आमचा वाटाड्या हामदान म्हणाला. चौकीदारानंही मान हलवली: आठ नावं, आठ माणसं, बास. मी त्या नावापुढे सही ठोकली.

पहिला दिवस सगळा जंगलातला. जळवा होत्या, आणि एक रुंद पानांचं झाड होतं त्याला हात लागला की चटका बसल्यासारखं व्हायचं. इकबालला तो दोनदा बसला.

"ह्या झाडाला आमच्या मेव्हण्याचं नाव ठेवा," तो म्हणाला. "कायतर न करता जाळतंय."

मी चालत होतो इकबालच्या मागं आणि कुमुदताईंच्या पुढं. पहिल्या थांब्यावर शिट्टी झाली. एक, दोन, तीन, चार, पाच. इकबालचा सहा म्हणजे भोंगा. माझी पाळी आली तेव्हा मला कसंसंच झालं, शाळेत उभं केल्यासारखं.

"सात."

मागून काहीच नाही. सगळे वळून बघायला लागले.

"आठ," कुमुदताई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "माफ करा. तुमचं मला कळलंच नाही. मोठ्यानं म्हणा."

दुसऱ्या थांब्यावर मी मोठ्यानं म्हणालो. तरी त्यांना एक श्वास उशीर झाला. तिसऱ्या, चौथ्यालाही तसंच. त्या दिवशी आठ वेळा हजेरी झाली आणि आठही वेळा माझ्या सातनंतर फट पडली. त्या मान किंचित तिरकी करत, माझ्याकडे बघत, मग म्हणत. जणू माझा आकडा वाचून खात्री करून घेत होत्या.

चार

संध्याकाळी तंबू लागले. हामदान आणि त्याचा भाऊ चूल पेटवत होते. कुमुदताई एका ओंडक्यावर बसून पायाच्या जळवांवर मीठ लावत होत्या. शाळेत पाचवीला असल्यापासून त्यांचं डोंगरात जाणं होतं. शशिकांतना डोंगर त्यांनी दाखवला, उलटं नव्हे.

"आमच्या कपाटाच्या दारावर आतून या विवराचा फोटो आहे," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं. साडी काढायला दार उघडलं की आधी ज्वालामुखी."

"मग तुम्ही त्यांच्याजवळ थांबायला हवं होतं का, असं नाही वाटत?"

मी हे का विचारलं कोण जाणे. सायकलवर एकटं राहून माणसाची बोलायची रीत सुटते.

त्यांना राग आला नाही. "मी थांबणारच होते. त्यांनीच हाकललं. म्हणाले, दोघांतल्या एकानं तरी बघून ये. मी इथं खाटेवर पडून तुझं तोंड बघत बसलो तर आणखी जुलाब होतील." त्यांनी शेवटची जळू उडवली. "जाताना म्हणाले, वर पोचलात की माझी आठवण काढू नका, मला उचक्या लागतील, आणि उचकीनं पोट दुखतं."

इकबालनं पातेल्यातून चमचा वर काढला. "शशाप्पाला एवढं कळंना व्हय? सायबांनी काय खाल्लं ते विचारा की. बंदरावर मासा बघितला की ह्यांचं पोट म्हणतं, आण इकडं."

कुमुदताई हसल्या आणि मग हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मीठ लागलं असेल.

पाच

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला आम्ही कड्यावर होतो आणि काहीही दिसत नव्हतं.

खाली विवर होतं, सहा किलोमीटर रुंद, असं पुस्तकात. आमच्यासमोर पांढरं धुकं. हामदाननं पाय रोवून एक रेघ ओढली आणि खुणेनं सांगितलं की हिच्यापलीकडे जायचं नाही. आम्ही रेघेच्या अलीकडे एका मोठ्या खडकाजवळ पांगून बसलो. चिवडा फिरला. सर म्हणाले, अर्धा तास थांबू, उघडलं तर उघडलं.

अर्ध्या तासात दोन पावलांवरच्या कुमुदताई पुसट झाल्या. इकबाल नुसताच आवाज उरला.

"सर, एवढ्या लांब येऊन धुकंच बघायचं होतं तर गगनबावड्याला गेलो असतो की! एस्टीनं!"

एक वाजायला आला तेव्हा पाऊस येईल असं हामदान म्हणाला. सरांनी शिट्टी मारली.

माझ्या बुटात खडी गेली होती. मी उकिडवा बसून उजवा बूट काढत होतो. नाडीची गाठ बसली होती.

"एक!"

"दोन!" "तीन!" "चार!" "पाच!"

"सहा!" इकबालचा भोंगा.

गाठ सुटेना.

"सात!"

"आठ!" कुमुदताई.

मी मान वर केली. मला उशीर झाला होता आणि कुणीतरी माझी हजेरी लावली होती. कॉलेजात मागच्या बाकावर आम्ही हेच करायचो. ज्याचं तोंड रिकामं तो 'येस सर' म्हणायचा. इकबालच, दुसरं कोण. मला इतकं बरं वाटलं. सहा आठवडे मी रस्त्यावर होतो, माझ्या नावानं कुणी काही बोललं नव्हतं. तरीही आपली आपण द्यायलाच हवी म्हणून मी एका पायावर उभा राहिलो आणि शशिकांतनी शिकवलं होतं तसा पोटातून ओरडलो.

"सात!"

"मिरजकर!" धुक्यातून सरांचा आवाज. "एकदा बास! दोन-दोन हजेऱ्या कुणाला देताय?"

सगळे हसले. मीही हसलो.

डावीकडे, रेघेपासून लांब कुठंतरी, दगड घरंगळल्याचा आवाज आला. पोकळ, एकामागून एक, बराच वेळ. हामदाननं हात हलवला. तो म्हणाला ते सरांनी भाषांतर करून सांगितलं: इथं दगड रोजच पडतात, डोंगर जिवंत आहे.

मी बूट चढवला. कुमुदताई माझ्याजवळ आल्या.

"तुमचा आवाज बसलाय का?"

"नाही. का?"

"मघाशी वेगळा वाटला."

"धुक्यामुळे असेल."

"हं," त्या म्हणाल्या. थोडा वेळ डावीकडे बघत उभ्या राहिल्या. मग सरांनी हाक मारली आणि आम्ही उतरू लागलो.

सहा

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता चौकीवर चौकीदारानं बोटानं आम्हाला मोजलं. आठ. आठ सह्या. शशिकांत बेलवलकर, परत आले. मी सही केली.

आमची घरमालकीण इबू सलमा, तिच्या पडवीत आम्ही पिशव्या टाकल्या. ती साठीची बाई, डोक्याला पिवळा रुमाल, हसरी. तिकडे वडीलधाऱ्या बाईला इबू म्हणतात, पुरुषाला बापा. ती बाहेर आली, आमच्याकडे बघितलं, मग आमच्या मागे रस्त्याकडे बघितलं, मग परत आमच्याकडे. हामदानला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" सरांनी विचारलं.

हामदान मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ती विचारते, बापा शशी कुठं?"

"आत असेल. झोपला असेल."

हामदाननं तिला सांगितलं. तिनं जोरजोरात मान हलवली. हातानं मोटरसायकलचं हँडल पिळून दाखवलं. मग डोंगराच्या पलीकडच्या अंगाकडे बोट केलं, मग वर, कड्याकडे. मग दोन बोटं एकमेकांकडे आणून चिकटवली.

कुमुदताई चपला न काढता आत गेल्या. आम्ही बाहेरून बघत होतो. खाट नीट आवरलेली होती. चादरीची घडी. त्यांचे बूट नव्हते.

हामदान एक एक वाक्य करून सांगत होता. काल सकाळी बापाला बरं वाटलं. डोंगराला पलीकडून गवताळ अंगानं जवळचा रस्ता आहे. मोटरसायकल पार वरपर्यंत जाते, पुढं तीन तासांत कडा. तिकडे चौकी नाही. गावातला रुस्तम त्यांना सोडून आला. तुम्हाला वर गाठायचं, चकित करायचं, आणि तुमच्याबरोबर खाली यायचं, असं बापानं खुणा करून इबूला सांगितलं.

"आणि मग?" सर म्हणाले.

हामदाननं इबूकडे बघितलं.

"आणि मग, अरे?"

"ती म्हणते, तुमच्याबरोबर आला नाही का?"

सात

तासाभरात पडवीत वीस माणसं जमली. दोर, कोयते, पाण्याचे कॅन. रुस्तम आला. काल सकाळी नऊला गाडीवाट संपते तिथं त्यानं शशिकांतना सोडलं होतं. ते अगदी धडधाकट होते, गाणं म्हणत होते, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

सरांनी जमिनीवर काटकीनं नकाशा काढला. "गाडीवाट इथं संपते. पुढं गवत पुरुषभर उंच. इथंच चुकला असणार. दोन दिवसांच्या जुलाबानं माणूस किती चालेल? फार तर अर्धा तास. खालून सुरुवात करायची, ओढे बघायचे."

माणसं निघायच्या तयारीत. इकबाल टॉर्चमध्ये सेल भरत होता. मी त्याच्याशेजारी बसून होतो. तोपर्यंत मला काहीही सुचलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मी फक्त बोलायचं म्हणून बोललो.

"इकबालभाई, काल वर माझा नंबर दिलात त्याबद्दल तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहिलं."

"कसला नंबर?"

"कड्यावर. मी बूट काढत होतो तेव्हा तुम्ही सात म्हणालात ना."

"मी कशाला म्हणू? तूच म्हणालास. दोनदा. सर वरडले न्हाईत व्हय तुला?"

"मी एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा. पहिला माझा नव्हता."

त्याच्या हातातले सेल पडले. एक पडवीच्या फळीवरून घरंगळत खाली गेला.

"खुळा हायस का तू?" तो अगदी हळू म्हणाला. "बावीस वर्षांत आमच्यात कुणी दुसऱ्याचा नंबर दिला न्हाई. हसण्यावारी पण न्हाई. माणूस मरतंय त्यानं."

मी सरांकडे गेलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. पण सरांना समजलं, कारण त्यांनी काटकी टाकली आणि माझ्या दंडाला धरलं. जोरात.

"हजेरी पुरी होती. मी स्वतः ऐकली. एक ते आठ."

"सर, सात दोनदा आला."

"तू दिलास दोनदा!"

"नाही."

"मग तिथं का बोलला नाहीस? तोंड नव्हतं? काल एक वाजता बोलायचं, आत्ता काय बोलतोस?" त्यांचा आवाज फाटला. "चढ डोक्यात गेलाय तुझ्या. या माणसांना जाऊ दे. दिवस मावळेल."

"सर."

कुमुदताई दारात उभ्या होत्या. हातात शशिकांतची चादर होती, घडी मोडलेली.

"सर, मी आठ म्हणाले ना काल?"

"म्हणालीस."

"लगेच म्हणाले ना? तीन दिवसांत तेवढ्या एकदाच. अडखळले नाही."

सरांनी माझा दंड सोडला.

"मी मिरजकरांकडेच बघत होते. रोज बघत होते, त्यांचा सात कळायचा नाही म्हणून. ते बूट काढत होते. त्यांचं तोंड मिटलेलं होतं." त्या एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा बोलत होत्या. "तोंड मिटलेलं होतं, सात ऐकू आला, आणि मी आठ म्हणून मोकळी झाले. मला वाटलं, भास."

कुणीही हललं नाही. पडवीतल्या वीस माणसांना मराठी येत नव्हतं, तरी तेही हलले नाहीत.

सर पायरीवर बसले. खाली बघत त्यांनी हामदानला विचारलं, "गवताच्या बाजूनं कड्यावर किती वेळात पोचाल?"

आठ

पहाटे गाडीवाट संपते तिथून निघालो. हामदान, रुस्तम, आणखी चौघं, इकबाल, मी, आणि कुमुदताई. त्यांना नको म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. सर आले नाहीत.

वाट सोपी होती. गवत संपलं की राखेचा चढ, मग कडा. साडेनऊला आम्ही वर होतो. आभाळ निळं. खाली ते विवर, पूर्ण, मधोमध हिरवट पाण्याचं डबकं, कडेनं धुराच्या दोन शेंड्या. कपाटाच्या दारावर असेल तसं. कुमुदताईंनी तिकडे पाठ केली.

उजवीकडे आमचा खडक दिसत होता. इतका जवळ की मी आधी ओळखलाच नाही. वाट कड्याकडेनं वळसा घालून त्याच्यापर्यंत जात होती, दहा मिनिटांचा वळसा. वाट आणि खडक यांच्यामध्ये राखेची एक घळ होती, वरून अरुंद, आत खोल. धुक्यात ती दिसायचं कारणच नव्हतं.

शशिकांतनी वळसा घेतलेला नव्हता. राखेवर बुटांचे ठसे होते, पाऊस होऊनही काही राहिले होते. वाटेवर एका जागी थांबल्याचे, दोन्ही पाय जुळवून. तिथं उभे राहून ते ओरडले असणार. मग ठसे वाट सोडून निघत होते. सरळ. खडकाच्या दिशेनं, जिथून हसण्याचा आवाज आला असेल आणि त्याआधी दुसऱ्या कुणीतरी त्यांचाच आकडा पोटातून म्हटला असेल.

रुस्तम दोर बांधून उतरला. मग खालून म्हणाला ते कळायला भाषा लागत नव्हती.

इकबालनं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मटकन बसला. मला खडकाकडे जावंसं वाटलं, का ते सांगता येणार नाही. घळीच्या काठापासून खडकापर्यंत चालत गेलो. त्रेचाळीस पावलं. खडकाजवळ आमच्या चिवड्याचे शेंगदाणे पडले होते. मुंग्या लागल्या होत्या.

शशिकांतना वर आणलं तेव्हा कुमुदताई शेजारी बसल्या. त्यांच्या शर्टाच्या कॉलरमधली राख झटकली. एक बटण उघडं होतं ते लावलं.

"सांगून यायचं ना हो," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळल्या. मी तयार होतो. काहीही ऐकायला मी तयार होतो.

"पाणी आहे का तुमच्याकडं?"

मी बाटली दिली. त्यांनी रुमाल भिजवला आणि त्यांचं तोंड पुसायला लागल्या.

सात

कागदावर शशिकांत बेलवलकर चौकीच्या वाटेनं चढले होते आणि त्याच वाटेनं सुखरूप उतरले होते. दोन सह्या होत्या. त्या माझ्या आहेत हे पटवून देण्यात चार दिवस गेले. एका टेबलामागचा माणूस मला पुन्हा पुन्हा विचारत होता: तू म्हणतोस हा मनुष्य वर मेला, मग खाली आला तो कोण? मी प्रत्येक वेळी म्हणालो, मी. त्यानं माझ्याकडून कोऱ्या कागदावर शशिकांतचं नाव वीस वेळा लिहून घेतलं.

कुमुदताईंनी डॉक्टरला मृत्यूची वेळ विचारली नाही. डॉक्टर सांगायला लागला तेव्हा त्या खोलीबाहेर गेल्या. मी आत होतो. मी ऐकली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

सरांनी शिट्टी बंदरावर इकबालकडे दिली. इकबालनं ती घेतली नाही. ती बाकावर राहिली.

मी पुढं गेलो नाही. तिमोर तिथून नऊशे किलोमीटर असेल. सायकल खोक्यात भरली आणि मिरजेला परत आलो. या गोष्टीला बारा वर्षं झाली. कुमुदताईंकडे दरवर्षी एकदा जातो. त्या चहा करतात, घरची चौकशी करतात. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा विचारलं, तुम्ही मला त्या दिवशी काही बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्हाला बोलले असते तर मला काय बोलायला उरलं असतं?" आणि बिस्किटांचा डबा पुढं केला.

मोटरसायकलवर बसण्याआधी, त्या सकाळी, शशिकांतनी इबू सलमाला एक अंगठा मिटून बाकीची सगळी बोटं दाखवली होती आणि वरचे आम्ही आठ नि ते स्वतः, अशी नऊ अंडी उकडून घेतली होती.